नकलेची शाळा : अजिंठ्याच्या भिंती आणि नंदुरबारचा कॅनव्हास

नंदुरबार, शहादा किंवा तळोद्यात तैलरंग शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलीने फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रांस्वा मिले याच्या 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया' या चित्राची प्रत केली आणि तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकले, की त्याखाली येणारा शेरा ठरलेला असतो : "नक्कल छान झाली, आता स्वतःचे काहीतरी काढ." शेरा देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले असते, की नक्कल हे चित्रकलेच्या उंबरठ्याबाहेरचे काम आहे आणि खरी कला ते संपल्यावर सुरू होते.

इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. मुंबई इलाख्यात ज्या पहिल्या पिढीने तैलरंग आत्मसात केले, तिची एक मोठी शाळा नकलेचीच होती. आणि ती भरली होती खानदेशाच्या सीमेला लागून, अजिंठ्याच्या लेण्यांत. आजचा धागा त्या शाळेविषयी, तिने दिलेल्या विद्येविषयी आणि तिने केलेल्या नुकसानाविषयीही.

आधी थोडा भूगोल. नंदुरबार हा धुळ्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. एकोणिसाव्या शतकात सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंतचा तापीकाठचा हा सारा मुलूख ब्रिटिशांच्या एकाच विस्तीर्ण खानदेश जिल्ह्यात मोडत असे. लेणी मात्र सीमेपलीकडे, निजामाच्या राज्यात होती.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी पाठवले. त्याने पुढची जवळजवळ दोन दशके त्या कामात घातली. १८७९ साली तो वारला तेव्हाही तो खानदेशातच होता. त्याची कबर भुसावळला आहे. गिल आणि पारो यांची कथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि पुढे २०१२च्या चित्रपटामुळे मराठी वाचकांना ठाऊक झाली. कथा सुंदर आहे, पण तिच्या मोहिनीत एक साधा प्रश्न मागे पडला : हा मनुष्य इतकी वर्षे गुहेत बसून नेमके काय करत होता?

तो एका माध्यमातले चित्र दुसऱ्या माध्यमात आणत होता. अजिंठ्याची चित्रे तैलरंगातील नाहीत. खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो कोरडा झाल्यावर डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेले रंग, अशी त्यांची घडण आहे. रंगही मोजके : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि काही लेण्यांत दूरदेशीहून आलेला लाजवर्दाचा निळा. हे सारे रंग मंद, चकाकी नसलेले आणि चटकन वाळणारे.

जवसाच्या तेलात घोटलेला रंग याच्या अगदी उलट वागतो. तो दिवसेंदिवस ओला राहतो, दुसऱ्या रंगात सहज मिसळतो, वाळल्यावर खोल दिसतो आणि चमकतो. (तैलरंग हे माध्यम परके खरे, पण एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून युरोपकडे निघणाऱ्या मालात जवस हे एक प्रमुख पीक होते. तेव्हा लंडनच्या ट्यूबमधला रंग एखाद्या हिंदी शेतातल्या जवसाच्या तेलात घोटलेला असणे मुळीच अशक्य नव्हते.) अजिंठ्यात आकार उभा राहतो तो रेषेने, तैलरंगात तो उभा राहतो छटेने. म्हणजे भिंतीवरच्या प्रत्येक रेषेपुढे प्रत करणाऱ्याला ठरवावे लागे, की ही रेषा रेषाच ठेवायची की तिचे छायेत रूपांतर करायचे.

निसर्गातली मानवाकृती हा तर त्यातला सर्वांत अवघड भाग. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी घ्यावा. त्याच्याभोवती ठोकळ्यांसारखे रचलेले खडक आहेत, झाडोरा आहे, माकडे आहेत, मोर आहेत. सतराव्या लेण्यातील छद्दंत जातकात हत्ती कमळांच्या पाण्यात उतरले आहेत. युरोपीय पद्धतीने शिकलेला विद्यार्थी अशा दृश्यासमोर बसला की सवयीने पहिला प्रश्न विचारतो : उजेड कोणत्या बाजूने येतो आहे? अजिंठ्याचे उत्तर असे, की तो कोणत्याही एका बाजूने येत नाही. नाकावर, हनुवटीवर, खांद्यावर उठाव आहे. पण देहाची सावली जमिनीवर पडत नाही. खडक आकृतीच्या मागे आहेत की तिच्याभोवती गुंफलेले आहेत, हे नजर ठरवू शकत नाही. हे पाहून समजणारे नव्हे. कुंचला हातात घेऊन, चुकून, पुसून, पुन्हा लावूनच ते समजते. प्रत करणे हे पाहण्याचे सर्वांत मंद आणि म्हणूनच सर्वांत कसून केलेले रूप आहे, हे इथे पटावे.

गिलच्या प्रती लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६मधील आगीत त्यांतील बहुतेक सर्व जळून गेल्या. मूळ चित्रे नष्ट होतील या भीतीने ज्या प्रती केल्या, त्याच आधी राख झाल्या.

मग काम आले मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे. ही शाळा सुरू झाली मार्च १८५७मध्ये. (योगायोग असा, की मिलेचे 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया' पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात लागले तेही १८५७मध्येच.) १८६५मध्ये तिथे शिकवायला आलेला जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला, आणि हा क्रम खंडित-अखंडित १८८५पर्यंत चालला. कॅनव्हासवर, तैलरंगात, काही ठिकाणी भिंतीएवढ्या आकाराच्या प्रती तयार झाल्या. त्याही दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून अधिक प्रती गेल्या. आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या मोहिमांतील मिळून १६६ प्रती शिल्लक आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवरून दरम्यानच्या काळात जे निखळले, त्यातले काही आता केवळ याच प्रतींत पाहता येते.

१८९६-९७मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा भव्य ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्सचे. गुहेच्या अंधारात मचाणावर बसून रंग लावणाऱ्या मराठी, पारशी विद्यार्थ्यांची नावे आज कलेच्या विद्यार्थ्यालाही सांगता येत नाहीत, हा या इतिहासातला पहिला अन्याय. त्यांच्यातील एक नाव मात्र टिकले : पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८). अजिंठ्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १८७७च्या दिल्ली दरबाराचे चित्र रंगवण्यासाठी आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराच्या हाताखाली त्यांनी व्यक्तिचित्रणाचे धडे घेतले. पुढे त्यांनी पारशी घरांतील दृश्ये रंगवली : पोपटाला दाणे भरवणारी स्त्री, मंद उजेड, शांत कोपरे. नकलेत दीर्घकाळ घालवलेला हात स्वतःचे घर रंगवताना अडखळत नाही, याचा हा पुरावा. नकलेने मौलिकता मरते असे म्हणणाऱ्यांनी पेस्तनजींची चित्रे एकदा जरूर पाहावीत.

पण या शाळेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. काळवंडलेली चित्रे स्पष्ट दिसावीत, रंग उजळावेत, म्हणून गिलनेही आणि ग्रिफिथ्सच्या तुकड्यांनीही मूळ भिंतींवर व्हार्निश फासले. तेवढ्यापुरती चित्रे उजळली. कालांतराने तेच व्हार्निश पिवळे पडले, त्याने धूळ धरली, आणि त्याच्या ताणाने रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी दुरुस्तीसाठी आणखी एक लेप दिला, तोही पुढे डोकेदुखी ठरला. म्हणजे नकलेची किंमत मूळ चित्राने मोजली. हे साम्राज्याच्या यंत्रणेचे पाप, विद्यार्थ्यांचे नव्हे, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. पण फासणारे हात त्या मचाणावरचेच होते, आणि ज्या घाईने ते फासले गेले ती 'प्रत हवी, लवकर हवी' ही घाई आजही ओळखीची वाटावी अशी आहे.

याच काळात नकलेविरुद्ध मोठे बंडही झाले. १८९६मध्ये कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचा प्रमुख झालेल्या ई. बी. हॅवेलने युरोपीय नमुने पुसून टाकण्याचे धोरण धरले. हिंदी विद्यार्थ्याने पाश्चात्त्यांची अनुकृती का करावी, हा त्याचा प्रश्न रास्त होता. गंमत अशी, की विरोध विद्यार्थ्यांनीच केला. त्यांतील काहींनी बाहेर पडून ज्युबिली आर्ट अकॅडमी काढली, कारण त्यांना तैलरंगाची ती विद्या हवी होती. आणि त्याहून मोठी गंमत पुढे घडली. हॅवेल-अवनींद्रनाथांच्या ज्या बंगाल परंपरेने युरोपीय नकलेचा धिक्कार केला, तिच्यातीलच नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि त्यांचे सहकारी १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅमबरोबर अजिंठ्याला आले ते प्रती करण्यासाठीच! त्यांनी जलरंग वापरले, दृष्टी वेगळी ठेवली. पण बसले त्याच भिंतींसमोर. मुंबई आणि कलकत्ता यांचा वाद नक्कल करावी की नाही हा नव्हताच. वाद होता कोणाची करावी आणि काय शोधण्यासाठी करावी, हा.

अजिंठ्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला निदान मूळ चित्रासमोर बसता येई. नंदुरबारच्या विद्यार्थ्याचे काय? जिल्ह्यात जगप्रसिद्ध तैलचित्र टांगलेली भिंत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा गावोगावची मुले देतात, त्यातून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांची तयारीही होते. पण त्या परीक्षांत तैलरंग नाहीत. मग उरतो तो भ्रमणध्वनीचा पडदा. त्यावर मिलेच्या एकाच चित्राच्या चार प्रतिमा शोधाव्यात, चौघींतली माती चार रंगांची निघते. रंगाचा जाड थर कोठे आहे आणि कॅनव्हासचा पोत कोठे उघडा राहिला आहे, हे कोणत्याच प्रतिमेत कळत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ती केवळ आजची नाही.

हिला सर्वांत धाडसी उत्तर दिले ते व्हिन्सेंट व्हॅन गॉगने. १८८९च्या शरदापासून १८९०च्या वसंतापर्यंत, सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, त्याने मिलेच्या चित्रांवरून सुमारे २१ तैलचित्रे केली. त्याच्यासमोर मूळ चित्रे नव्हती. भाऊ थिओने धाडलेली कृष्णधवल मुद्रिते आणि छायाचित्रे होती. रचना मिलेची, छायाप्रकाशाचा आराखडा मिलेचा. रंग मात्र सगळे त्याला स्वतः शोधावे लागले. या कामाची तुलना त्याने पत्रांतून संगीतकाराशी केली आहे : दुसऱ्याने रचलेली स्वररचना वाजवणाऱ्या वादकाला कोणी नकलाकार म्हणत नाही. मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. गुरूकडून घेतलेली बंदिश वर्षानुवर्षे घोटणाऱ्या गायकाला आपण कधी "आता स्वतःचे काहीतरी गा" असे सुनावत नाही. चित्रकारालाच का सुनावतो?

आपल्याकडे राजा रविवर्मा यांची कहाणी याच अडचणीची. त्रावणकोर दरबारातील तैलरंगाचे जाणकार त्यांना विद्या द्यायला तयार नव्हते. १८६८मध्ये आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने केवळ काम पाहण्याची मुभा दिली. नंतर १८९४मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछाप मुद्रणालय काढले आणि त्यांच्या देवदेवता, शकुंतला, दमयंती मराठी मुलखातील भिंतींवर पोहोचल्या. महाराष्ट्रातील कित्येक हौशी चित्रकारांच्या समोर पहिला 'नमुना' आला तो याच मुद्रितांच्या रूपाने. तरीही अरण्यातली आकृती शिकायची असेल तर रविवर्म्यांची शकुंतला हा उत्तम धडा नव्हे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. वस्त्र, त्वचा, दागिने यांसाठी तिच्याकडे जरूर जावे. पण तिच्यावर पडलेला उजेड चित्रशाळेतला वाटतो, आणि मागचे वन नाटकाच्या पडद्यासारखे. आकृती आणि भूमी एका उन्हात उभ्या नाहीत.

मिलेच्या चित्रात त्या उभ्या आहेत, म्हणून तो धडा मोठा. तीन स्त्रिया वाकून सरवा वेचत आहेत. त्यांची शरीरे जवळजवळ पूर्णपणे क्षितिजरेषेच्या खाली, म्हणजे जमिनीच्याच रंगात बुडालेली. दूर सोनेरी गंजी, गाडी, माणसांची लगबग आणि घोड्यावर बसलेला मुकादम. उजेडाचा वाटा त्यांचा. पुढच्या स्त्रियांचे चेहरे झाकोळलेले, डोक्यावरची निळी व लाल फडकी मात्र उठून दिसणारी. नवशिक्या हाताची खोड अशी, की तो आधी बायका रंगवतो, मग उरलेल्या जागेत शेत भरतो. आणि बायका कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. प्रत करताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी ध्यानात येते, की मिलेने ओढणीची कड एका जागी धारदार ठेवली आहे आणि हातभर अंतरावर तीच कड मातीत विरू दिली आहे. आकृती जमिनीवर उभी राहते ती त्या विरलेल्या कडेमुळे. हे एक वाक्य पुस्तकात वाचून कोणालाही येत नाही.

म्हणून पद्धत महत्त्वाची. चौकटी आखून रेखाटन उतरवावे. पहिला थर एकाच तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला, केवळ उजेड-अंधाराचा असावा. तेलकट, जाड रंग नेहमी वरच्या थरात, कारण खाली तेलकट आणि वर कोरडा थर आला की पुढे तडे जातात. चित्राची प्रतिमा एकदा कृष्णधवल करून पाहावी. व्हॅन गॉगला जे नाइलाजाने मिळाले ते इथे मुद्दाम घेता येते. आणि प्रतीवर स्पष्ट लिहावे : 'मिलेवरून'. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आजही परवाना घेऊन प्रती करणारे बसतात. त्यांच्या प्रतीचा आकार मुळाहून वेगळा असावा लागतो आणि मूळ चित्रकाराची स्वाक्षरी उतरवायची नसते. नक्कल आणि बनावट यांच्यामधली रेषा तिथे इतक्या साध्या नियमाने आखली आहे. मिले १८७५मध्ये गेला, रविवर्मा १९०६मध्ये. कायद्याचीही अडचण नाही.

मूळ तैलचित्र पाहण्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. नंदुरबारहून सुरतेमार्गे बडोदे गाठता येते. मराठी राजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेल्या संग्रहालयाच्या चित्रदालनात युरोपीय तैलचित्रे आहेत आणि राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्मा आहेत. खानदेशातील कलाशिक्षक सहलीसाठी सापुतारा निवडतात तेव्हा त्यांनी एकदा बडोद्याचाही विचार करावा. आठवडाभर पडद्यावर पाहिलेले चित्र आणि हातभर अंतरावरून पाहिलेला रंगाचा जाड थर यांतला फरक एका दुपारी कळतो.

आणि मग परत येऊन हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर उभे राहावे. लांबच लांब जमिनीवर वाळत घातलेली लाल मिरची, तीत वाकून निवड करणाऱ्या बायका, नाकातोंडाला बांधलेली फडकी. रचना मिलेचीच भासते : वाकलेले देह, पसरलेली भूमी, दूरचे क्षितिज. मात्र प्रश्न नवा आहे. ऊन मिरचीवर पडून वर उसळते आणि हनुवटीखाली, बाह्यांच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या फडक्याच्या सुरकुत्यांत लाल होऊन शिरते. निळ्या लुगड्याच्या सावलीत तो लाल मिसळला की कोणता रंग होतो, हे मिलेकडून शिकता येणार नाही. त्याच्या शेतातली जमीन गव्हाच्या खुंटांची, पिवळट होती.